पायांच्या शिरा आणि विम्याची तिजोरी

सार्वजनिक आरोग्य विम्याच्या खर्चाची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार आणि कर्करोग ह्या तीन दारांशीच घुटमळते. हे स्वाभाविक आहे. माणसे तेथे मरतात. परंतु ज्या दुखण्याने माणूस मरत नाही, नुसता कामातून जातो, त्याचा हिशेब मांडण्याची तसदी कोणी घेत नाही. पायांच्या फुगलेल्या शिरा हे असे एक दुखणे आहे. ग्रंथांत त्याला अपस्फीत नीला म्हणतात, दवाखान्यात व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, आणि ज्याला ते असते तो 'पायाला गाठी आल्यात' एवढेच सांगतो. कर्मचारी राज्य विमा योजना, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत ह्या तिन्ही सार्वजनिक योजना ह्या दुखण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे मोजतात. ते मोजावेत की नाहीत, मोजावेत तर किती, ह्यावर अर्थखात्यातील मंडळी आणि विमातज्ज्ञ आज ना उद्या वाद घालणारच आहेत. इंग्लंडात तो घालून झालेला आहे. त्या वादात आपली बाजू कोणती हे आधीच ठरवलेले बरे. माझे म्हणणे असे की, ह्या बिलाचा एक ठळक भाग मालकाच्या दुकानात आणि कारखान्यात तयार होतो, व तेथून तो कोणाच्या लक्षात न येता सार्वजनिक तिजोरीवर ढकलला जातो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहिले पाहिजे. हृदयाने पायांकडे पाठवलेले रक्त वर परत यायचे तर त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते. हृदय ते ओढून घेत नाही. ते वर ढकलण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, नीलेतील रक्त वर सरकते, आणि नीलेतील लहान लहान झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका दाब असतो. तोच माणूस चालू लागला की तो दाब ३० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली उतरतो. म्हणजे पायांना श्रम बाधत नाहीत; बाधते ते एका जागी खिळून उभे राहणे. वर्षानुवर्षे हा दाब सोसून नीला ताणल्या जातात, झडपांची तोंडे एकमेकींना भिडेनाशी होतात, रक्त खाली साचू लागते. आधी संध्याकाळी पाय जड होतात आणि घोटे सुजतात. मग शिरा दोरखंडासारख्या वर येतात. पुढे घोट्याच्या वरची कातडी काळवंडते, खाज सुटते, कडक होते. आणि एके दिवशी टेबलाचा कोपरा किंवा सायकलचा पायटा लागून जी जखम होते ती महिनोन् महिने भरत नाही.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो आनुवंशिकतेचा. आईला होते म्हणून मुलीला झाले, त्यात मालकाचा काय दोष? आनुवंशिकता आहेच, वय आहे, गरोदरपण आहे, स्थूलपणा आहे. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ह्या सर्वांच्या जोडीला उभ्याने करावे लागणारे काम किती भर घालते, ह्याचे मोजमाप झालेले आहे. डेन्मार्कमध्ये कामकरी वयाच्या लोकांवर बारा वर्षे नजर ठेवून केलेली एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. कामाचा बहुतेक वेळ उभ्याने किंवा चालत घालवणाऱ्यांना ह्या दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत पुरुषांत १.७५ पट आणि स्त्रियांत १.८२ पट आढळले. (पुरुषांचा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर तितकासा पक्का नाही, स्त्रियांचा आहे, विद्यार्थ्यांना आयुष्यभर जे सांगत आलो ते येथेही सांगितले पाहिजे.) कामकरी वयातील अशा रुग्णांपैकी एक पंचमांशाहून अधिक रुग्ण उभ्याच्या कामामुळे निर्माण होतात, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. हा डेन्मार्कचा हिशेब आहे, जेथे कामाचे तास मर्यादित आहेत आणि संघटना बलवान आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी आजही अपवादात्मक नाही. तेथील पंचमांश केवढा असेल ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दुसरा समज असा की हे बायकांचे आणि त्यातही सौंदर्याचे दुखणे आहे. एडिंबरोमध्ये १९९० च्या दशकात सर्वसाधारण नागरिकांची तपासणी झाली, तेव्हा मुख्य नीला फुगलेल्यांचे प्रमाण पुरुषांत ४० टक्के आणि स्त्रियांत ३२ टक्के निघाले. पुरुष पँट घालतात आणि डॉक्टरकडे जात नाहीत, एवढाच काय तो फरक. 'सौंदर्याचे दुखणे' हा शब्दप्रयोग निष्पाप नाही, हे पुढे दिसेलच. खर्चाला कात्री लावायची असली की हाच शब्द प्रथम उपयोगी पडतो.

उभ्याने काम करणाऱ्यांचे पाय बिघडतात, हे काही आधुनिक संशोधनाने लावलेले शोध नव्हेत. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात उभ्याने काम करणाऱ्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात फुगलेल्या शिरांचा आणि पायांच्या व्रणांचा उल्लेख आहे. ब्रिटनच्या पार्लमेंटने, म्हणजे कामगारांचे राज्य मुळीच नसलेल्या पार्लमेंटने, १८९९ मध्ये दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी आसनांचा कायदा केला: दर तीन स्त्रियांमागे एक आसन मालकाने ठेवलेच पाहिजे. आपल्याकडे त्याच्या नऊ वर्षे आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली होती. आठवड्यातून एक दिवस विश्रांती हा हक्क तेव्हापासून मान्य झाला. पाळीच्या मध्यंतरात दोन घटका बसणे हा मात्र अजूनही मालकाच्या मर्जीचा विषय आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. कापड विकण्यासाठी उभे राहावेच लागते, असे नाही. आपल्या गावोगावच्या जुन्या कापडपेढ्यांत पांढरी शुभ्र गादी घातलेली असे. गिऱ्हाईक गादीवर बसे, विकणारा समोर मांडी घालून बसे, आणि लुगड्यांची घडी उलगडून पुढे टाकी. त्या पेढ्यांत शोषण नव्हते असे मी म्हणणार नाही. दिवाणजींचे पगार आणि कामाचे तास ह्यांविषयी न बोललेले बरे. परंतु निदान पाय तरी जमिनीला टेकून विसावत. पुढे दुकानाचे 'शोरूम' झाले, गादीच्या जागी काचेचा काउंटर आला, आणि काउंटरमागील माणसाने सदैव तत्पर दिसले पाहिजे असा दंडक आला. कॅमेरे लागले तेव्हा तो दंडक आणखी कडक झाला. गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, भिंतीला टेकायचे नाही. ह्या उभे राहण्याने एक वारही कापड अधिक विकले जात नाही. ते केवळ शिस्तीचे प्रदर्शन आहे. मॉलमधील मुली, गृहसंकुलाच्या फाटकावरील कंत्राटी सुरक्षारक्षक, हॉटेलातले वेटर, औषधांच्या दुकानातले मदतनीस ह्या सर्वांची हीच कथा आहे. वाहतूक पोलीस, परिचारिका, न्हावी, इस्त्रीवाले, पोळ्या लाटणाऱ्या स्त्रिया ह्यांचे काम काही अंशी उभ्याचेच आहे. त्यांच्या बाबतीत विश्रांतीचा प्रश्न येतो. पण दुकानातल्या मुलीच्या बाबतीत तर फक्त एका स्टुलाचा प्रश्न आहे.

आता पैशांकडे वळू. ह्या दुखण्यावर जुनी शस्त्रक्रिया म्हणजे जांघेत नीला बांधून ती ओढून काढणे. ती कोणत्याही जिल्हा रुग्णालयातील शल्यविशारद करू शकतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लेसर आणि रेडिओलहरींनी नीला आतून बंद करण्याची पद्धत रूढ झाली. ती रुग्णाला खरोखरच सोयीची आहे: मोठी चीर नाही, त्याच दिवशी घरी जाता येते, कामावर लवकर परतता येते. पण यंत्र महाग, आणि नीलेत घालायची तार एकदाच वापरायची. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत दोन्ही पायांचा उपचार करून घ्यायचा तर बिल सहज लाखाच्या घरात जाते. महिना पंधरा हजारांवर राबणारी सेल्सगर्ल हा उपचार स्वतःच्या पैशाने घेऊ शकत नाही, हे उघड आहे. ती सार्वजनिक विम्याकडे येते, किंवा कुठेच येत नाही. कुठेच न येणाऱ्यांची संख्या विम्याच्या कोणत्याही कागदावर उमटत नाही; ती पुढे भरत नसलेल्या जखमेच्या रूपाने उमटते.

येथेच इंग्लंडचा अनुभव उपयोगी आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा ही कामगार चळवळीने जगाला दिलेली एक थोर देणगी. पण २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर तिच्यावर काटकसरीचे सावट आले. २०११ मध्ये तेथील लेखापरीक्षण आयोगाने 'कमी वैद्यकीय मूल्याच्या' उपचारांवरील खर्च आवरून किती रक्कम वाचवता येईल ह्याचा अहवाल काढला. फुगलेल्या शिरांची शस्त्रक्रिया अशा याद्यांत हमखास असे. अनेक भागांत रुग्णांना सांगितले जाऊ लागले की तूर्त मोजे घाला. जखम झाली तर या. २०१३ मध्ये तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने पुराव्याची छाननी करून नेमके उलट मत दिले: त्रास असणाऱ्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे, नीला आतून बंद करण्याचा उपचार प्रथम द्यावा, आणि उपचार शक्य असेल तर नुसत्या मोज्यांवर बोळवण करू नये, खर्चाच्या मानानेही हेच फायद्याचे आहे. तरीही २०१८ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य सेवेने ज्या सतरा उपचारांवर अटी घातल्या त्यांत ह्या उपचाराचे नाव होतेच. गंमत अशी की त्याच वर्षी ब्रिटनमधील वीस केंद्रांतील ४५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पायावर व्रण असलेल्या रुग्णांची नीला ताबडतोब बंद केली तर जखम सरासरीने ५६ दिवसांत भरते, उपचार लांबवला तर ८२ दिवस लागतात, असे त्यात दिसले. २००४ च्या दुसऱ्या एका चाचणीत, शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी १२ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा व्रण झाला. केवळ पट्ट्या बांधलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. काटकसरीच्या नावाखाली जे वाचवले ते परिचारिकांच्या पट्ट्यांवर खर्च होते. आणि रुग्णाचे बुडालेले रोजगार तर कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाहीत.

म्हणून खर्च आवरण्यासाठी हा उपचारच योजनांतून वगळावा, ही सूचना जेव्हा आपल्याकडे येईल तेव्हा तिला ठाम विरोध केला पाहिजे. परंतु तेवढे करून आपले काम संपत नाही. कारण आपल्या विमा योजनांची घडणच अशी आहे की त्यांत पैसा चुकीच्या टोकाला वाहतो. शस्त्रक्रियेला पॅकेज आहे. रुग्णालयात दाखल झालेल्यालाच आयुष्मान भारत मुख्यतः ओळखते. पाय सुजू लागलेल्या पहिल्या पाच-दहा वर्षांत लागतो तो बाह्यरुग्ण विभागातील सल्ला, पोटरी आवळून धरणारे लवचिक मोजे आणि कामाच्या जागी बसण्याची सोय. ह्यांपैकी एकालाही पॅकेज नाही, कारण ह्यांपैकी एकातही कोणाला नफा नाही. योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांत खासगी रुग्णालयांचा वाटा मोठा आहे. जेथे दर ठरलेला, रुग्ण ठणठणीत, मृत्यूचा धोका नगण्य आणि दिवसभरात घरी पाठवण्याची सोय, तेथे शिबिरे भरवून रुग्ण गोळा करण्याचा मोह कोणालाही होईल. कातडीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या निरुपद्रवी निळसर रेषा आणि खरोखर झडपा निकामी झालेली नीला ह्यांतील भेद सोनोग्राफीने कळतो. पण शिबिरातील माणसाला तो कोण समजावून सांगणार? एकीकडे गरज नसलेल्यांचा उपचार आणि दुसरीकडे व्रण झालेल्यांची उपेक्षा, ही खासगी पुरवठ्यावर उभारलेल्या सार्वजनिक विम्याची जुनीच खोड आहे. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांनी तिचा अनुभव घेतलेलाच आहे. तेथे खर्च बहुधा त्यांच्याच पदरचा होता, पण नफ्याचे तर्कशास्त्र हेच.

आता कर्मचारी राज्य विमा योजनेकडे पाहू, कारण आपल्या कार्यकर्त्यांचा रोजचा संबंध तिच्याशी अधिक येतो. प्रा. बी. पी. आदारकरांच्या १९४४ च्या अहवालातून ही योजना जन्मली, १९४८ मध्ये कायदा झाला. मालक आणि कामगार ह्यांनी वर्गणी भरावी, आजारात औषधपाणी आणि बुडालेल्या वेतनाचा काही भाग मिळावा, ही तिची मूळ कल्पना आजही स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट वर्गणीची. मालकाची वर्गणी वेतनाच्या ठराविक टक्क्यांनी आकारली जाते आणि ती सर्वांना सारखी. ज्याने प्रत्येक काउंटरमागे स्टूल ठेवले तोही तेवढेच भरतो, आणि ज्याने बसण्याबद्दल दंड ठेवला तोही तेवढेच भरतो. २०१९ च्या जुलैपासून तर मालकाचा वाटा ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणण्यात आला. (कामगाराचाही १.७५ वरून ०.७५ झाला, आणि ते चांगलेच झाले.) कोणाच्या दुकानात माणसे आजारी पडतात आणि कोणाच्या दुकानात पडत नाहीत, हे विचारण्याची ह्या योजनेला गरजच वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. योजनेच्या नियमांनुसार सामान्य आजारपणात कामगाराला वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि तीही वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. तीच अवस्था कामातून उद्भवलेली इजा किंवा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाली तर ९० टक्के मिळते, आणि असमर्थता टिकेल तितके दिवस मिळते. कोणता रोग व्यवसायजन्य ह्याची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. तीत शिशाची बाधा आहे, ॲस्बेस्टॉसची बाधा आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. फुगलेल्या शिरा नाहीत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही नव्हत्या, आणि त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही नाहीत. परिणाम असा की पंधरा वर्षे मागावर उभे राहून ज्याच्या घोट्याला व्रण झाला तो कायद्याच्या डोळ्यांनी सर्दी-तापाच्या रुग्णाच्याच रांगेत बसतो. व्रण ९१ दिवसांत भरला तर ठीक. नाही तर तो उपाशी राहायला मोकळा आहे.

के. विल्यम काप नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. धूर, सांडपाणी, कामगारांचे अपघात आणि रोग ह्यांचा खर्च उद्योगाच्या ताळेबंदात दिसत नाही, तो तिसऱ्याच कोणावर पडतो, आणि तो अपघाताने पडत नसून तो तसा पाडता येणे हेच नफ्याचे एक साधन असते, असे त्याचे प्रतिपादन होते. पाठ्यपुस्तकांतून काप जवळपास हद्दपार झाला आहे. पण साडीच्या शोरूममधील मुलीच्या पायांना त्याचे म्हणणे तंतोतंत लागू पडते. स्टुलाची किंमत काही शेकडा रुपये आणि एक चौरस फूट जागा. ती मालक वाचवतो. वीस वर्षांनी लेसरचे पैसे राज्याची योजना भरते, म्हणजे काड्यापेटी विकत घेणारा प्रत्येक नागरिक भरतो. आपल्या देशात २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार शासनाचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता; २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे आश्वासन दिले होते. इतक्या तुटपुंज्या थैलीतून मालकांचे पैसे आपण भरत आहोत.

ह्यावर उपाय असू शकतो हे केरळातील स्त्रियांनी दाखवून दिले. कोळिकोडच्या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या विजी पालितोडी ह्यांनी दुकानांतील स्त्रियांना संघटित केले. आरंभीची मागणी होती स्वच्छतागृहाची, कारण लघवीला जावे लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. नंतर मागणी झाली बसण्याची. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरमधील एका साडीच्या दुकानातील मोजक्या स्त्रियांनी धरणे धरले आणि ते तीन महिन्यांहून अधिक काळ चालले. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी खिल्ली उडवली. बसायचेच असेल तर घरी बसा, अशी भाषा झाली. प्रस्थापित कामगार संघटनाही आरंभी ह्या लढ्याकडे काहीशा कुतूहलानेच पाहत होत्या, हे नमूद केले पाहिजे. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क लिहून दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तसाच कायदा केला. विधेयकाच्या उद्देशपत्रातच दिवसभर उभे राहण्याने होणाऱ्या आरोग्यहानीचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रात काय आहे? कारखान्यांपुरते बोलायचे तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय मालकाने केली पाहिजे असे म्हटले होते. सत्तर वर्षांत ते कलम किती कारखान्यांत पाळले गेले हे जुन्या गिरणी कामगारांना विचारावे. आता ते कलम व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले आहे. ती संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली आणि तिच्यातही बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. पण सर्वसाधारणपणे ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांसाठी, आणि तपशील नियमांवर सोपवलेला. दुकानांसाठीचा आपला २०१७ चा कायदाही दहा माणसांपासून पुढे लागू करण्यात आला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि कामाचे रोजचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. केरळ आणि तामिळनाडू दुकानातील मुलीला बसवतात. महाराष्ट्र तिला आणखी एक तास उभी करतो. फुले-लोखंड्यांच्या राज्यात हे घडते आहे.

मालकांचा एक युक्तिवाद असा येईल की लहान दुकानदाराला हे परवडणार नाही. लहान दुकानदार स्वतःच गल्ल्यावर बसलेला असतो, त्यामुळे खुर्ची परवडते हे त्याला ठाऊक आहे. आणि लढा मुख्यतः त्याच्याशी नाहीच. तो साखळी दुकाने, मॉल आणि सुरक्षारक्षक पुरवणारे कंत्राटदार ह्यांच्याशी आहे.

तेव्हा आपल्या मागण्या काय असाव्यात? दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात बसण्याच्या हक्काचे स्पष्ट कलम, आणि ते माणसांच्या संख्येची अट न घालता. उभ्याच्या कामातून उद्भवलेल्या अपस्फीत नीला आणि त्यांचे व्रण ह्यांचा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत समावेश. जुन्या कायद्यात राज्य सरकारला तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन यादीत भर घालता येत असे, आणि नव्या संहितेतही यादी वाढवण्याची वाट बंद केलेली नाही. येथे आनुवंशिकतेचा वाद पुन्हा उकरून काढला जाईल. त्याला उत्तर असे की अमुक वर्षे अमुक तास उभ्याचे काम, एवढी कसोटी पुरेशी मानता येते. बहिरेपणाच्या बाबतीतही वयाचा वाटा असतोच, म्हणून कोणी तो यादीतून काढलेला नाही. लवचिक मोजे आणि बाह्यरुग्ण तपासणी योजनेतून मिळाली पाहिजे. आणि ही शस्त्रक्रिया मुख्यतः सरकारी रुग्णालयांतच व्हावी. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवण्याची पद्धत ह्या योजनांत आहेच. दर जिल्हा रुग्णालयाला एक यंत्र आणि ते चालवणारा शल्यविशारद देण्यास राज्याचे दिवाळे निघणार नाही. यंत्र येऊन खोक्यातच राहील ही भीती मात्र खरी आहे, आणि तेथे स्थानिक कार्यकर्त्यांनी लक्ष घालावे लागेल.

मालकाच्या वर्गणीचा दर त्याच्या आस्थापनेतील आजारपणाशी जोडावा का, हा प्रश्न मी उघडा ठेवतो. तत्त्वतः तो न्याय्य दिसतो. व्यवहारात मात्र मालक आजारी कामगाराची नोंदच होऊ देणार नाही, किंवा त्याला कंत्राटदाराच्या खात्यात ढकलील, हा धोका मोठा आहे. ज्यांनी ह्या योजनेच्या प्रादेशिक मंडळांवर काम केले आहे त्यांनी ह्यावर लिहावे.

ह्या सर्वांच्या आधी करण्याजोगे एक साधे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. तो बहुधा कोरा राहतो, नाही तर तेथे 'मजुरी' किंवा 'गृहिणी' एवढेच लिहिले जाते. पायांच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येकाचे काम कोणते, ते उभ्याचे आहे का, दिवसाला किती तास आणि किती वर्षे, एवढ्या चार गोष्टी त्या रकान्यात लिहिल्या जाव्यात असा आग्रह आपल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि परिचारिका संघटनांतील साथींनी धरावा. राज्य विमा रुग्णालयांत हे सर्वांत सोपे आहे, कारण तेथे मालकाचे नाव विमापत्रावर आधीच छापलेले असते.